डब्ल्यूडब्ल्यूएफचे उमाळे आणि मोडलेल्या माना

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतला तारा हल्क होगन गेला आणि चाळिशीच्या आसपास असलेल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकच सूर लागला: डब्ल्यूडब्ल्यूएफची (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीची) ती कुस्ती आता राहिली नाही. बनियन फाडणारा होगन, घंटेच्या ठोक्याबरोबर अंधारातून येणारा अंडरटेकर, काच फुटल्याच्या आवाजासरशी रिंगकडे धडकणारा स्टोन कोल्ड. त्यांच्यापुढे आजचे पैलवान म्हणजे घासूनपुसून ठेवलेले, पाठ केलेली वाक्यं म्हणणारे. हळहळ खोटी नाही. पण नेमकं काय गेलं म्हणून विचारलं, तर दहातले आठ जण १९९७ ते २००१ या वर्षांकडे बोट दाखवतात. खुर्च्या, रक्त, पिंजरा, टेबलं, शिड्या. ‘तेव्हा कसं, खरं वाटायचं!’

माझ्या मते बोट चुकीच्या जागी जातं. त्या कुस्तीत जे खरोखर मोलाचं होतं, ते ही वर्षं उजाडली तेव्हा मोडकळीला आलं होतं. खुर्च्या आणि रक्त आलं ते ती रिकामी जागा भरायला. म्हणून ‘पूर्वीसारखं पुन्हा करा’ अशी हाकाटी करण्याआधी पूर्वीचं नेमकं काय हवंय, हे वेगळं काढून बघायला हवं.

निकाल आधी ठरलेला असतो हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. कोल्हापूर-सांगलीच्या मैदानात नुरा कुस्ती लक्षात आली की लोक हुर्यो उडवतात, कारण तिथे तिकीट चढाओढीचं असतं. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत तिकीट रचनेचं असतं, दारासिंग-किंग काँगच्या काळात मुंबईत गर्दी खेचणाऱ्या ‘फ्रीस्टाइल’ दंगलींसारखंच. दोघांनी मिळून एक लढत उभी करायची, एकमेकांना जपायचं आणि बघणाऱ्याला मात्र वाटलं पाहिजे की आता हा त्याला सोडत नाही. ही कारागिरी फार कठीण आहे, आणि तिचे नियम काटेकोर आहेत.

लढत साधारण चार टप्प्यांत रचतात. आधी नायकाची चलती: तो चपळ आहे, हुशार आहे, खलनायकाला हैराण करतो. मग खलनायक काहीतरी हरामखोरी करतो, डोळ्यात बोट घालतो किंवा रेफरीची पाठ फिरल्यावर लाथ मारतो, आणि लढत आपल्या हातात घेतो. तिसरा टप्पा मार खाण्याचा. हा सर्वांत लांब आणि सर्वांत अवघड. यात एकच अवयव धरायचा, गुडघा म्हणा, कंबर म्हणा, आणि पिळत राहायचं. मध्येच नायक एक-दोनदा उसळतो, लोक उठून उभे राहतात, आणि तो पुन्हा दाबला जातो. शेवटी खरी उसळी आणि निकाल. यात चुकतं कुठे? उसळी लवकर घेतली तर लोकांच्या पोटात अजून पुरेसा राग साठलेला नसतो, आरोळी येत नाही. उशीर केला तर मंडळी भेळेच्या गाडीकडे वळलेली असतात. आणि दहा मिनिटं गुडघा पिळून घेतलेला पैलवान शेवटी त्याच पायावर धावत सुटला, की आधीची दहा मिनिटं पाण्यात.

हे सगळं पूर्वी बहुतांशी रिंगमध्येच, तोंडी ठरायचं. सुरुवात आणि शेवट आधी माहीत, मधलं गर्दीचा अंदाज घेत. हेडलॉकमध्ये मान काखेत आली की तोंड कानाशी येतं. पुढचा डाव तिथेच पुटपुटला जातो. सहसा खलनायक लढत चालवतो, कारण लय तोडण्याचं आणि सोडण्याचं काम त्याच्याकडे असतं. किती वेळ उरला हे रेफरी सांगतो. हात पिरगाळला जातो तेव्हा बोटं हलकेच दाबली गेली तर ‘मी ठीक आहे’. अमेरिकेत पकडी शरीराच्या डाव्या बाजूला घेतात, मेक्सिकोत उजव्या. सवय मोडली की दोघं एकाच वेळी एकाच दिशेला फिरतात आणि कपाळमोक्ष होतो. रेफरीने दोन्ही मनगटं डोक्यावर फुलीसारखी धरली, तर दुखापत खरी आहे.

पडणं हा तर वेगळाच अभ्यास. रिंगला पोलादी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. डब्ल्यूडब्ल्यूएफची रिंग २० फूट चौरस, प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूची १८ फुटांची. पाठीवर पडायचं तर हनुवटी छातीला घट्ट टेकवायची, श्वास सोडायचा, आणि खांद्यांच्या फऱ्यांचा सपाट भाग व दोन्ही पसरलेले हात तळव्यासकट एकाच क्षणी खाली आले पाहिजेत. आघात जितका पसरेल तितका सोसतो. हनुवटी सुटली की डोकं मागे आपटतं. घाबरून हात मागे टेकला की मनगट किंवा कोपर जातं. कमरेवर आधी पडलं तर मणक्याला सगळा हिसका. आणि हे सगळं बरोबर केलं तरी दुखतं. फक्त मोडत नाही. म्हणून पडणं मोजून खर्चायचं. जुन्या वस्तादांची शिकवणच ती होती: एका पडण्याची किंमत लोकांकडून पुरेपूर वसूल केल्याशिवाय दुसरं द्यायचं नाही.

या हिशेबाचा नमुना म्हणून २९ मार्च १९८७ चा रेसलमेनिया ३, म्हणजे कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम, काढून बघावा. पॉन्टियाकचं सिल्व्हरडोम स्टेडियम. कंपनीने जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३. तो फुगवलेला असल्याचं बरेच अभ्यासक मानतात, पण गर्दी प्रचंड होती यात वाद नाही. त्या दिवशी होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. आजही लोकांच्या डोळ्यांपुढे आहे तो एकच डाव. आंद्रेच्या पाठीवर त्याआधीच शस्त्रक्रिया झाली होती, कपड्यांच्या आत पट्टा होता, धड चालवत नव्हतं. जवळजवळ बारा मिनिटांच्या लढतीत पडण्याचा खर्च अगदी बेताचा, आणि वसुली अफाट. आंद्रेला पूर्वी कोणी उचलून आपटलेलंच नाही, असं प्रेक्षकांना सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात खुद्द होगननेच त्याला १९८० मध्ये आपटलं होतं. पण एका गावचं दुसऱ्या गावाला कळत नव्हतं, म्हणून ते खपलं.

त्याच दिवशी रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची लढत झाली, जेमतेम पंधरा मिनिटांची. काही महिने आधी सॅव्हेजने टीव्हीवर रिंगच्या घंटेने स्टीमबोटचा गळा ‘चिरडला’ होता. म्हणजे रिंगमध्ये उतरण्याआधीच प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होतं की धोका गळ्याला आहे. सॅव्हेजचा हात नुसता गळ्याकडे गेला तरी हजारो माणसं ओरडत होती. लागोपाठ चितपटीचे प्रयत्न, दोन आकड्यांवर सुटका (रेफरीने तीन मोजले की निकाल), आणि शेवटी तीच घंटा सॅव्हेजच्या मुळावर येते. एक थेंब रक्त नाही. आता गंमत बघा. या लढतीतला प्रत्येक डाव सॅव्हेजने आधी कागदावर क्रमाने लिहून काढला होता, आणि दोघांनी तो एकमेकांकडून पाठ म्हणून घेतला होता. ‘हल्लीचे पाठांतर करून येतात’ ही जुन्या चाहत्यांची आवडती तक्रार. तिचं बीज त्यांच्याच सर्वांत लाडक्या लढतीत आहे. सॅव्हेजकडे पाठांतरामागे वर्षानुवर्षांची तालीम होती, म्हणून ते पाठांतर वाटलं नाही.

ती तालीम कुठे झाली, हा खरा प्रश्न.

१९४८ मध्ये आयोवातल्या वॉटर्लू गावी काही आयोजक एकत्र आले आणि त्यांनी एनडब्ल्यूए नावाचा संघ काढला. पुढची तीस-पस्तीस वर्षं अमेरिका आणि कॅनडा अशा आयोजकांच्या इलाख्यांत वाटलेली होती. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही. (याला सरळ मक्तेदारी म्हणतात, अमेरिकी न्याय खात्याने ५० च्या दशकात त्यावर कारवाईही केली. तो काळ काही रामराज्य नव्हता.) पण पैलवान घडण्याच्या दृष्टीने या व्यवस्थेचा एक मोठा फायदा होता. मेम्फिसचं उदाहरण घ्या. शनिवारी सकाळी स्थानिक टीव्हीवर थेट कार्यक्रम, सोमवारी रात्री मिड-साउथ कोलिझियममध्ये मोठी दंगल, आणि उरलेले दिवस गाडी हाणत आसपासच्या गावांत. आठवड्यात पाच-सहा वेळा जिवंत गर्दीसमोर उभं राहायचं. आज फसलेला डाव उद्या दुसऱ्या गावात सुधारायचा. सहा महिने-वर्षभरात लोकांना कंटाळा आला की बिऱ्हाड उचलून दुसऱ्या इलाख्यात. तिथे नवे प्रेक्षक, नवा वस्ताद, वेगळी तऱ्हा. टेक्सासला मारामारी लागायची, मिनियापोलिसला पकडी, मेम्फिसला बडबड. पाच-सात वर्षं असं फिरलेला गडी न्यूयॉर्कला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफकडे, पोचायचा तेव्हा त्याला कुठल्याही गर्दीची नाडी कळलेली असायची.

टीव्हीचा वापरही कंजूष होता. टीव्हीवर दिसायचा तो नामवंत पैलवान आणि त्याच्यासमोर दोन मिनिटांत झोपणारा कोणीतरी अनोळखी. मोठ्याची मोठ्याशी गाठ फक्त तिकिटाच्या खेळात. महिनोन्‌महिने नुसती तोंडातोंडी चालायची. आपल्याकडे ९० च्या दशकात केबलवर हे कार्यक्रम दिसू लागले तेव्हा अनेकांना वैताग यायचा, की ब्रेट हार्ट दर वेळी त्या लुंग्यासुंग्याशीच का लढतो. त्या वैतागातूनच पुढची भूक तयार व्हायची.

१९८२ मध्ये व्हिन्स मॅकमेहनने वडिलांकडून डब्ल्यूडब्ल्यूएफ विकत घेतली आणि वर्षा-दोन वर्षांत इलाख्यांच्या हद्दी ओलांडल्या. देशभरातल्या वाहिन्यांवर वेळ विकत घेतला, दुसऱ्यांचे चांगले पैलवान उचलले. दशक संपेपर्यंत बहुतेक इलाखे बंद पडले किंवा शेवटच्या घटका मोजू लागले. होगनचा जो सुवर्णकाळ आपण आठवतो, तो इलाख्यांनी घडवून दिलेल्या पैलवानांवर चालला. सॅव्हेज, स्टीमबोट, ब्रेट, मिस्टर परफेक्ट, रिक रूड, जेक रॉबर्ट्स, सगळे तिथूनच आले. नवे घडवण्याची सोय मात्र त्याच काळात मोडत होती.

दुसरी घटना १९८९ ची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. न्यू जर्सीच्या विधिमंडळात एक विधेयक होतं: व्यावसायिक कुस्तीला राज्याच्या क्रीडा नियंत्रणातून वगळावं. कंपनीने स्वतः सांगितलं की ही खरी स्पर्धा नाही, लोकांचं मनोरंजन करण्यासाठी केलेला खेळ आहे. कशासाठी सांगितलं? परवाने, देखरेख आणि टीव्ही प्रक्षेपणावरचा कर चुकावा म्हणून. ज्या गुपितासाठी पैलवान बारमध्ये अनोळख्यांशी खऱ्या मारामाऱ्या करायचे, ते गुपित कंपनीने कर वाचवण्यासाठी चव्हाट्यावर आणलं. हळूहळू इतर राज्यांनीही लगाम सैल केला.

इथून पुढचा उतार सरळ आहे. हेडलॉकवर विश्वास ठेवणारा प्रेक्षक संपला. ‘हे लुटुपुटीचं आहे’ हे एकदा जाहीर झाल्यावर त्याला बसल्या जागी दचकवायचं, तर लुटुपुटीची नसलेली गोष्ट दाखवावी लागते. खरी खुर्ची खऱ्या डोक्यात. खरं रक्त. खरी उंची. ९० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या बिंगो हॉलमध्ये ईसीडब्ल्यू या लहान कंपनीने ही वाट पाडली, आणि सप्टेंबर १९९५ पासून सोमवारी रात्री डब्ल्यूडब्ल्यूएफचा रॉ आणि डब्ल्यूसीडब्ल्यूचा नायट्रो हे टीव्ही कार्यक्रम समोरासमोर आल्यावर दोन्ही मोठ्या कंपन्या तिच्यावरून धावल्या. दर आठवड्याला रेटिंग. महिनाभर राखून ठेवायची ती लढत आजच, फुकट. ६ जुलै १९९८ ला गोल्डबर्ग आणि होगन (तो तेव्हा डब्ल्यूसीडब्ल्यूत होता) यांची गाठ अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये फुकटच्या टीव्हीवर लावली गेली. स्टेडियम भरलं, त्या रात्रीचं रेटिंग मिळालं, आणि पैसे मोजून घरोघरी बघितली गेली असती अशी वर्षातली सर्वांत मोठी लढत खर्ची पडली. तीन वर्षांच्या आत, मार्च २००१ मध्ये, डब्ल्यूसीडब्ल्यू विकली गेली. ज्या वर्षांना आपण शिखर म्हणतो, ती मुद्दल खाण्याची वर्षं होती.

मुद्दलात माणसंही आली. ३ ऑगस्ट १९९७, डब्ल्यूडब्ल्यूएफचाच समरस्लॅम हा कार्यक्रम. ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला (तोच स्टोन कोल्ड) पाइलड्रायव्हर मारला. या डावात समोरच्याला उलटं धरतात, त्याचं डोकं आपल्या मांड्यांच्या मध्ये येतं. मारणारा गुडघ्यांवर बसला तर डोकं जमिनीपासून थोडं वरच राहतं आणि टाळकं शाबूत राहतं. ओवेन गुडघ्यांवर न बसता पाय पसरून बुडावर बसला, आणि ऑस्टिनचं डोकं मांड्यांच्या बरंच खाली आलेलं होतं. दोघांचं वजन मानेवर. ऑस्टिनचे हातपाय काही काळ हलेनात. ओवेन गर्दीला चिडवत वेळ काढत राहिला, आणि मग ऑस्टिनने कसंबसं सरपटत जाऊन त्याला गुंडाळलं, कारण ठरलेला निकाल तो होता. मानेवर पुढे शस्त्रक्रिया झाली. २००३ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्याने नियमित लढणं सोडलं. एका टप्प्यावर काही इंचांचा फरक.

खुर्चीचंही असंच गणित आहे. घडीची खुर्ची बसण्याच्या सपाट पत्र्याने पाठीवर, खांद्यांच्या खाली मारली तर आवाज मोठा, इजा कमी. पत्रा वाकतो, आघात पसरतो. कड लागली की बरगडी. डोक्यात मारायची असेल तर आत काही पसरायला जागाच नाही. मेंदू कवटीत हिंदकळतो, आणि हे थांबवणारं कोणतंही तंत्र अस्तित्वात नाही. एकच उपाय, मध्ये हात धरणं. जानेवारी १९९९ च्या रॉयल रंबलमध्ये मिक फोलीचे हात पाठीमागे बेड्यांत होते आणि रॉकने त्याच्या डोक्यात दहाहून अधिक वेळा खुर्ची मारली, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त. पुढच्या रांगेत फोलीची बायको आणि लहान मुलं बसली होती. हा प्रसंग ‘अ‍ॅटिट्यूड एरा’च्या, म्हणजे याच १९९७ ते २००१ च्या काळाच्या, बहुतेक आवडत्या याद्यांमध्ये असतो.

फोलीचाच दुसरा प्रसंग त्याहून गाजलेला. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. १६ फुटी पिंजऱ्याच्या छतावरून अंडरटेकरने त्याला खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं. ते ठरलेलं होतं. थोड्या वेळाने तो पुन्हा वर चढला, आणि छताची जाळी तुटून सरळ रिंगमध्ये कोसळला. ते ठरलेलं नव्हतं. वरून खुर्चीही तोंडावर आली. जाळी तुटली त्या क्षणाला लोक आजही ‘ग्रेटेस्ट’ म्हणतात. बांधकामातला दोष आणि नशीब यांना कला म्हणायचं असेल तर म्हणावं. टेबलांबाबतही हेच. पातळ प्लायवूड मोडतं तेव्हा पडण्याचा जोर त्यात जिरतो. न मोडता टेबल तसंच राहिलं तर सगळा जोर बरगड्या आणि कंबर खाते. प्रेक्षक मात्र टेबल मोडलं नाही म्हणून निराश होतो.

आणि २३ मे १९९९. कॅन्सस सिटीच्या केम्पर अरेनात ओवेन हार्टला छतावरून दोरीने खाली सोडायचं होतं, विनोदी प्रवेश म्हणून. झटकन सुटणारा हूक वापरला होता, कारण रिंगच्या जरा वर अडकल्याचं सोंग करून मग झटकन सुटून तोंडावर पडायचं होतं. हूक वरच सुटला. सुमारे ७८ फुटांवरून तो रिंगमध्ये पडला आणि गेला. कार्यक्रम पुढे चालू राहिला. कुटुंबाने दावा केला आणि २००० मध्ये १ कोटी ८० लाख डॉलरवर तो मिटला. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या आठवणी काढताना ओवेनचा उल्लेख ‘दुर्दैवी अपघात’ असा एका ओळीत होतो. दुर्दैव कसलं? वजन पेलायला ठेवलेल्या साधनाची कडी जलद उघडण्यासाठी हलकी निवडली गेली होती.

आपल्याकडे पोरं खेळायची त्या पैलवानांच्या पत्त्यांचा (ट्रम्प कार्ड्सचा) उल्लेख टाळता येत नाही. उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती फाइट्स, किती जिंकल्या, रँक. जायंट गोन्झालेझ आला की उंची मागायची, योकोझुना आला की वजन. (गोन्झालेझची आठ फूट ही उंची जाहिरातीची, आणि ‘जपानी’ योकोझुना सान फ्रान्सिस्कोत जन्मलेला सामोअन वंशाचा गडी.) त्या पत्त्यांवर मृत्यूच्या वयाचा रकाना नव्हता. योकोझुना ३४. ओवेन हार्ट ३४. ब्रिटिश बुलडॉग ३९. रिक रूड ४०. बिग बॉस मॅन ४१. अर्थक्वेक ४२. मिस्टर परफेक्ट ४४. गोन्झालेझ ४४. कारणं एकसारखी नाहीत. अर्थक्वेकला कर्करोग होता, गोन्झालेझला मधुमेह. पण हृदय आणि औषधं हे दोन शब्द या यादीत वारंवार येतात. ते फुगलेले बायसेप्स कशाचे होते, हेही गुपित नाही. स्टेरॉइड्स पुरवल्याच्या आरोपावरच्या १९९४ च्या खटल्यात मॅकमेहन निर्दोष सुटला, पण त्याच खटल्यात होगनने शपथेवर सांगितलं की स्टेरॉइड्स त्याने घेतली होती आणि धंद्यात ती सर्रास होती.

‘कोणी जबरदस्ती केली होती का?’ हा प्रश्न येतोच, आणि तो टाळण्यासारखा नाही. पिस्तूल कोणी लावलं नव्हतं, खरं आहे. पण पैसे कसे मिळत होते ते बघा. ८० च्या दशकात वर्षाला तीनशेच्या आसपास दिवस घराबाहेर. मोबदला गल्ल्याच्या प्रमाणात, किती ते आयोजक ठरवणार. हॉटेल, भाड्याची गाडी, जेवण स्वतःचं. गुडघा गेला आणि घरी बसला तर उत्पन्न शून्य, आणि जागा दुसऱ्याची. अशा माणसासमोर वेदनाशामक गोळी आणि पुढचं गाव एवढेच पर्याय असतात. १९८६ च्या रेसलमेनियाआधी पैलवान आणि समालोचक जेसी व्हेंचुराने ड्रेसिंग रूममध्ये युनियनची गोष्ट काढली; ती तिथेच विरली. आजही डब्ल्यूडब्ल्यूईचे पैलवान कागदोपत्री नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, जरी कुठे, कधी, कोणाशी, काय घालून लढायचं हे कंपनी ठरवते.

म्हणजे न्यू जर्सीत सांगितलं की हा खेळ नाही, म्हणून क्रीडा खात्याचा डॉक्टर आणि परवाना नको. मग हा अभिनय म्हणावा, तर अमेरिकी नटांना युनियन आहे, पुनःप्रक्षेपणाचा वाटा आहे, स्टंट असेल तर त्याची जबाबदारी घेणारा माणूस नेमावा लागतो. तेही नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तो हा. २०१० च्या दशकात साठहून अधिक माजी पैलवानांनी मेंदूच्या इजेबद्दल दावे केले. २०१८ मध्ये कोर्टाने ते फेटाळले. मुदत उलटून गेली, हे त्यातलं एक मोठं कारण.

आजच्या कुस्तीची वकिली मी करणार नाही. तिचे दोष खरे आहेत, आणि जुन्या चाहत्यांना ते बरोबर दिसतात. २०१२ मध्ये रॉ तीन तासांचं झालं आणि बरीच वर्षं तसंच राहिलं. एवढा वेळ दर आठवड्याला भरायचा तर काहीही राखून ठेवता येत नाही. पूर्वी माइकवर जाण्याआधी दोन-तीन मुद्दे सांगितले जायचे, बाकी पैलवानाची जीभ. पुढे लेखकांची फौज आली आणि सगळे एकाच तोंडाने बोलू लागले. ऑर्लँडोतल्या प्रशिक्षण केंद्रात २०१३ पासून रिंग, डॉक्टर, जिम सगळं आहे, फक्त पाच वेगळ्या गावांतले पाच वेगळे वस्ताद नाहीत. आणि पडण्याची उधळपट्टी तर भयंकर. जो डाव १९८७ मध्ये लढत संपवायचा, त्यावर आज दुसऱ्या आकड्याला सुटका. पण यातल्या एकाही दोषावर खुर्ची हा उतारा नाही. उलट ही सवय १९९८ मध्येच लागली.

सुधारलं ते मात्र रक्ताच्या आठवणीत हरवू नये. २००६ पासून औषधांची चाचणी सुरू झाली, एडी गेरेरो हा पैलवान ३८ व्या वर्षी गेल्यानंतर. २०१० मध्ये डोक्यात खुर्ची मारणं बंद झालं. मेंदूला धक्का बसला तर तपासणीशिवाय रिंगमध्ये परत येता येत नाही. माजी पैलवानांच्या व्यसनमुक्तीचा खर्च कंपनी उचलते, हेही नोंदवायला हवं. आणि बायका. १९९९ मध्ये त्यांच्या वाट्याला एकमेकींचे कपडे फाडण्याच्या तीन-चार मिनिटांच्या ‘लढती’ यायच्या. एप्रिल २०१९ मध्ये रेसलमेनियाची शेवटची लढत तिघींची होती. ‘सगळंच पूर्वी चांगलं होतं’ म्हणणाऱ्यांनी ते जुने भाग एकदा घरच्यांसोबत बसून बघावेत.

चाहत्याने मागायचं तर वेगळं मागावं. कार्यक्रमाचे तास कमी करा. मोठ्या लढती राखून ठेवा. लहान कंपन्या जगतील अशी कंत्राटं असू द्या, म्हणजे पोरं वेगवेगळ्या गर्दीसमोर शिकतील. २०१९ मध्ये एईडब्ल्यू ही नवी कंपनी आल्यापासून निदान एक पर्याय उभा राहिला. तिथेही रक्ताचा मोह सुटत नाही, हे दुर्दैव. जुनं बघायचंच असेल तर २० मार्च १९९४ ची ब्रेट विरुद्ध ओवेन बघावी: दोन भाऊ, वीसेक मिनिटं, कुठलंही सामान नाही. ब्रेटचे हात बघावेत, पकड किती घट्ट दिसते आणि किती सैल असते ते.

शेवटचा प्रश्न पैशाचा, कारण उमाळ्यांचाही धंदा असतो. डब्ल्यूसीडब्ल्यू, ईसीडब्ल्यू, एडब्ल्यूए, वर्ल्ड क्लास, मिड-साउथ, कॅल्गरीची स्टॅम्पीड, या सगळ्या बंद पडलेल्या कंपन्यांच्या जुन्या चित्रफिती आज एकाच कंपनीकडे, डब्ल्यूडब्ल्यूईकडे, आहेत. हरलेल्यांचा इतिहास जिंकलेल्याच्या कपाटात, आणि कापाकापी करून तो आपल्याला दाखवणाराही तोच. ‘अ‍ॅटिट्यूड एरा’ हे शिखर होतं हे आपल्याला कोणी सांगितलं, याचं उत्तर त्यात आहे. त्या चित्रफिती विकल्या जातात तेव्हा रिंगमध्ये पडलेल्या माणसाला किती मिळतं, हे त्याच्या कंत्राटातल्या कलमावर ठरतं, आणि ८० च्या दशकातली कंत्राटं सही करणाऱ्याने फारशी वाचलेली नसायची. जेसी व्हेंचुराने समालोचक म्हणून केलेल्या कामाच्या व्हिडिओ कॅसेटचा वाटा मागत दावा लावला. ज्युरीने त्याला ८ लाख डॉलरहून अधिक दिले आणि १९९५ मध्ये अपिलातही ते टिकलं. तेव्हा त्याने कंपनी सोडलेली होती आणि वकिलाचा खर्च त्याला झेपत होता. मान मोडून घेतलेल्या बहुतेकांकडे यातलं दुसरं नव्हतं.